कानस

दाजीपूरच्या फाटकापासून आत,
सावराईच्या सड्याअलीकडच्या चढाला
फोर-व्हीलचा दांडा टाकला
आणि खालून आवाज आला,
दाढेखाली सुपारी फुटावी तसा.

मग नुसतं इंजिन. गाडी जागेवर.
मागं सहा पाहुणे. त्यातलं एक पोरगं :
गवा आला तर?
म्हटलं, आला तर त्यालाच ढकलायला लावू.
सगळे हसले. मी नाही.

जीपखाली उताणी पडून बघितलं.
प्रॉपेलर शाफ्ट लोंबत होता,
क्रॉसची एक भुजा मुळातून गेलेली,
कपातल्या सुया लाल मातीत सांडलेल्या.
वेचून रुमालात बांधल्या. सव्वीस भरल्या.
कशाला बांधल्या, ठाऊक नाही.

क्रॉस बसवून अकरा दिवस झाले होते.

माणगाव्यांच्या काउंटरवर डबी ठेवली.
डबीवर होलोग्राम, वर कंपनीचं नाव,
त्यात एक अक्षर जास्तीचं.
मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.
माणगावे गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होते.
«विकल्याला माल परत न्हाई. पाटी बगा.»
पाटी होती. पाटीत मात्र एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.
«वरिजनल पायजे हुतं तर तसं सांगायचं.»
तसंच सांगितलं होतं. पैसेही तसेच मोजले होते.

त्याआधी त्यांचा बुश एक सूत मोठा निघाला,
तेव्हा सदबा मिस्त्रीनं हातोडा घेतला,
म्हणाला, बसतंय की.
बसतंय की :
या दोन शब्दांवर आमची निम्मी गाडी उभी आहे.

उद्यमनगरात, गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडात
बाबालाल शिकलगार लेथवर वाकलेले.
तुकडा हातात घेतला, दिव्याखाली फिरवला,
व्हर्नियर लावलाच नाही.
कानस घेतली, एकदा ओढली.
खोबऱ्यासारखा कीस पडला.
«मऊ हाय. भट्टी बघितल्यालीच न्हाई ह्यानं.»

मग खांद्यावरून नख नेलं. पुन्हा नेलं.
लेथ बंद केला.
चक फिरायचा थांबेपर्यंत काही बोलले नाहीत.

«ही लहर दिसती न्हवं?
माझ्या लेथचा बेड त्या जागी झिजलाय.
अठरा वर्सं हितंच लहर उठती.
ताई, हे माझंच काम हाय.»

दिवाळीच्या तोंडावर चार हजार नग,
नगाला साडेपाच रुपये,
हार्डनिंगचं आमी बघतो म्हणालेला माणूस.
डबी त्यांनी कधी बघितलीच नव्हती.
आता बघितली, चष्मा कपाळावर सारून, जवळ धरून.
«चार हजार,» म्हणाले,
आणि दाराकडं बघितलं,
तेवढ्या गाड्या गल्लीत येऊन हॉर्न वाजवत असल्यासारखं.

राधानगरीपासून रंकाळ्यापर्यंत
मी एक शिवी घोळवत आणली होती,
मिळेल त्याला द्यायची म्हणून.
ती तोंडातच राहिली.

बाकाखालच्या पोत्यातून त्यांनी एक कच्चा तुकडा काढला,
त्याच ऑर्डरीतला, उरलेला.
«लोखंडाचा काय दोष न्हाई. परवा या.»

परवा गेले. क्रॉस भट्टीतून काळा होऊन आलेला,
भुजा तेवढ्या ग्राइंडिंगनं उजळलेल्या.
कानस माझ्याच हातात दिली : वढा.
ओढली. किंचाळत घसरली,
ओरखडासुद्धा नाही.

पैसे पुरे घेतले, भट्टीचे वेगळे.
एक रुपया सोडला नाही, मीही सोडा म्हटलं नाही.
निघताना फक्त विचारलं,
मोडका ऱ्हाऊ द्या का हितं?
ठेवला. खिडकीत, तेलाच्या कुपीशेजारी.

सुया अजून माझ्या डॅशबोर्डात आहेत.
खड्ड्यात चाक गेलं की वाजतात.

परवा माणगाव्यांकडं हबचा बेअरिंग घ्यायला गेले.
पैशाआधी पिशवीतून कानस काढली.
ते म्हणाले, ह्यो काय प्रकार?
बसतंय म्हटलं की तुमी.
म्हटलं, बसायचं नंतर बघू.
आधी घसरतीय का बघते.