डाव

रात्री साडेदहानंतर जेवणाचं टेबल माझं.
त्याआधी ते निवडायच्या कोथिंबिरीचं,
निषादच्या प्रोजेक्टचं, सोसायटीच्या नोटिशीचं.

मी ओलं फडकं फिरवतो, पेपर पसरतो,
बोहरी आळीतून आणलेला लिनोलियमचा तुकडा
तव्यावर जरा कोमट करून घेतो.
थंडीत तो कडक होतो, सुरी घसरते.
डाव्या अंगठ्यावर तीन खुणा आहेत.
घरात एकीचीच चौकशी झाली,
तीही धनुर्वाताच्या इंजेक्शनपुरती.

अकरा वर्षं कोरतोय.
दिवसभर भोसरीत दुसऱ्यांच्या नटबोल्टांची मापं तपासतो,
मायक्रॉनमध्ये चुका काढतो,
आणि रात्री सहकारनगरात स्वतःच्या चुका करतो,
कुठल्याच मापात न बसणाऱ्या.

छापायला प्रेस नाही. शाईवर कागद ठेवायचा
आणि वरणाच्या डावाच्या पाठीने घासायचं,
गोल गोल, दमानं.
म्हणून माझ्या कलेबद्दल या घरात
आजवर विचारला गेलेला प्रश्न एकच :
"डाव कुठे आहे?"

निषाद म्हणतो, "भारी."
मोबाईलवरून नजर न उचलताच त्याला भारी दिसतं.
आई आली की विचारते, "ह्याचे पैसे किती मिळतात रे?"
आणि उत्तर ऐकून
माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढते.
मेहुणे म्हणाले, "फ्रेम मस्त आहे. कुठून केलीत?"

तक्रार नाही.
म्हणजे, होती. पण ती कुणाला सांगायची,
हेही पुन्हा घरातल्यांनाच विचारावं लागलं असतं.

परवा हेमांगी मोज्यांचा दुसरा पाय शोधत
हॉलमधल्या भिंतीपाशी थांबली.
तिथे दोन वर्षं माझं चित्र लटकलंय :
कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कनोजिया,
त्याची हातगाडी, कोळशाची इस्त्री, वाकलेली पाठ.
त्या एका पाठीत माझा दिवाळीचा अख्खा आठवडा गेला होता.

"कनोजिया डावखुरा नाहीये," ती म्हणाली.

"छापताना उलटं येतं."

"मग आधीच उलटं कोरायचं ना.
आणि इस्त्रीच्या हाताला त्याला करंगळी नाही.
तू पाचही दिलीयेस."

एवढं बोलून ती सोफ्याखाली वाकली. मोजा तिथे होता.

मी उभाच.
मायक्रॉनचा माणूस, अख्खं बोट चुकलो.
वाईट वाटायला हवं होतं.
पण आतल्या आत कॉलर ताठ झाली,
नुकती कनोजियाकडून आल्यासारखी.

त्या रात्री नवा तुकडा काढला.
पेपर पसरताना दिसलं, ते शब्दकोड्याचं पान होतं.
तिचं बारीक अक्षर, शिसपेन्सिलीचं,
मधेमधे रिकामे चौकोन.
किती वर्षं मी त्यांच्यावर शाई सांडतोय?
किती अर्धी कोडी रद्दीत गेली असतील
माझ्यापायी काळी होऊन?

पान दिव्याखाली धरलं, मोठ्याने वाचलं :
"उभे अकरा. कापडावरची बारीक घडी, दोन अक्षरी. चुणी!"

आतून आवाज आला,
"ते कालच सुटलंय, लिहायचं राहिलं.
आडवे चौदा अडलंय."

आडवे चौदा मलाही येईना.
बराच वेळ बसलो.
मग पानाची घडी करून तिच्या चष्म्याखाली ठेवली,
जाहिरातींची पुरवणी पसरली,
तिच्या पावडरच्या डब्याशेजारचा आरसा
टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवला,
आणि त्यात बघत बघत
उजवा हात डावीकडे काढायला घेतला,
चार बोटांचा.

बाराच्या सुमारास ती पाणी प्यायला उठली.
माझ्या मागे थांबली. मी मान वळवली नाही,
खिडकीत चिमणी बसली की आपण हलत नाही, तसा.
पेला पालथा घातल्याचा आवाज. मग :

"डाव घासून ठेव. सकाळी आमटी आहे."