जामठा, गेटवरची ड्यूटी

नाणी घरीच ठेवून या.
मागच्या मॅचला माझ्या खोक्यात
सव्वादोनशेची चिल्लर जमली होती,
कंगवे, लायटर, अत्तराची कुपी
आणि कुणाच्या तरी आईनं दिलेला
पाटोड्यांचा डबा, अजून गरम.

मेट्रो खापरीला सोडते.
पुढं ऑटोवाला म्हणेल तो भाव. घासाघीस करू नका,
रात्री परत जाताना तोच भेटला तर नशीब.
ऊन इथलं मोकळं. अडवायला काही नाही.
दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा.
पाण्याची बाटली मात्र मी काढून घेईन.
शिव्या द्या, चालेल. सगळेच देतात.

आणि जुनं ग्राउंड सिव्हिल लाइन्सला, हे नव्हे.
दर मॅचला एखादा म्हातारा आधी तिथं जाऊन येतो,
इथं पोचतो तेव्हा अर्धा खेळ झालेला असतो.
तसेच ते काटोलचे ढोबळे.
पँट इस्त्रीची, खिशात एक संत्रं.
फळ आत नेता येत नाही, काका.
काहून?
फेकून मारता येतं.
ते संत्र्याकडे पाहतच राहिले.
त्याच्याबद्दल असं कुणी
पहिल्यांदाच बोललं असावं.
"झाडाचं आहे बाई माझ्या. मृगबहाराचं."
खोक्यात टाकू देईनात.
बॅरिकेडच्या सावलीत बसले, सोललं,
एकेका फोडीच्या शिरा काढल्या
आणि मला हातमोजा काढायला लावून
अर्ध्या फोडी तळहातावर ठेवल्या.

तेवढ्यात आतून आवाज आला.
"गेला," मी म्हटलं, "आपला गेला."
त्यांना पटेना. पाहिल्याशिवाय कसं?

आता हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही:
नऊ वर्षं मी मैदानाकडे पाठ करून उभी आहे.
एक चेंडू पाहिलेला नाही.
चौकार गडगडत येतो, पत्र्यावरून ड्रम लोटावा तसा.
सिक्सच्या आधी क्षणभर कुणी श्वास घेत नाही.
आणि आपला आउट झाला की
हजारो माणसं एकदम
खुर्चीत बसल्याचा आवाज येतो.

ढोबळे ऐकत राहिले, दोन ओव्हर तरी,
तिकीट हातातच.
डोळे मिटून एक चौकार बरोबर ओळखला.
मग साली गोळा करून खिशात घातल्या
(सालींबद्दल काही नियम नाही)
आणि आत गेले.

सुटताना सगळी गेटं एकदम सुटतात.
पोरांचं मनगट धरा, बोट नको.
चिल्लर हवी असेल तर खोकं इथंच आहे माझ्यापाशी.
आपली कोणती,
ते ओळखून घ्या.