पाचावरचा तीळ

म्बिटाच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या वाटेवर
माझं दुकान, आठ बाय सहा.
वरच्या फळीवर काचेचे चकचकीत फोन.
दर शनिवारी त्यांच्यावरची धूळ पुसतो.
खालच्या फळीवर धूळ बसायला
माल टिकतच नाही.

अपोंडी आली ती कोपरापर्यंत खवल्यांची.
म्हणाली, काचेचा नको रे ओबाला,
काचेला माझी ओली बोटं कळत नाहीत.
मग डोळे मिटून बटणांवर अंगठा फिरवला,
पाचावर थांबली.
पाचावर एक तीळ असतो, हाताला लागणारा.
"हा मला अंधारात सापडेल," म्हणाली
आणि घासाघीस न करता पैसे मोजले.
(घासाघीस न करणारी अपोंडी
मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.)

शाळेचा राखणदार ओकेच
फक्त बॅटरीचं विचारतो.
आठ दिवस, मी सांगतो.
त्याचा आधीचा फोन त्याच्याआधी पेंगायचा.

मागच्या वर्षी नैरोबीहून कंपनीचा माणूस आला.
मुतिंदा नावाचा, इस्त्रीच्या शर्टातला, बिचारा सज्जन.
चहाच्या टपरीवर सगळ्यांना विचारत बसला:
फोनमध्ये आणखी काय हवं?
टॉर्च. — तो आहेच.
मग तोच, जरा मोठा.
घंटा होडीच्या इंजिनावर ऐकू यावी.
रेडिओला वायर नको.
कॅमेरा? त्याने आशेने विचारलं.
"मासा मी विकते," अपोंडी म्हणाली, "त्याचं लग्न नाही जमवत."
टपरी हसली. तोही हसला.
पण त्याच्या यादीत "नको"ला चौकट नव्हती.
"इतर"मध्ये काहीतरी लिहून
तो शेवटच्या मटाटूने गेला.

ओविती आला दुकान बंद करताना.
त्याचा फोन नवाकोरा, ओरखडाही नाही.
फोनवरूनच कर्ज काढलेलं, दोन हजार शिलिंग,
हप्ता चुकला तशी वसुलीवाल्यांनी
त्याच्या यादीतल्या सगळ्यांना फोन लावले.
सासूला. चर्चच्या गायकांना. चौथीच्या मास्तरांना.
कर्ज एकाचं आणि घंटा गावभर.
खालच्या फळीकडे बघत त्याने विचारलं,
"यातला माझ्याबद्दल
सगळ्यात कमी जाणणारा कुठला?"

मी काढून दिला.
पाचशे बारा नावांतली अकरा त्याने
सिगारेटच्या पाकिटावर उतरवली.
बारावं लिहिलं, खोडलं,
दाराशी जाऊन परत आला
आणि खोडलेल्याच्या खाली पुन्हा लिहिलं.
कुणाचं ते मी विचारलं नाही.

आता नवी खोकी आलीत.
खोक्यावर छापलंय: ग्राहकांच्या मागणीनुसार.
आत तोच फोन,
पण कॅमेरा आहे, दोन खेळ आहेत,
सुरू होताना एक बाई गाते,
आणि बॅटरी तीन दिवस.
लोक खोकं उलटंपालटं करतात, परत ठेवतात,
आवाज खाली आणून विचारतात,
जुना आहे का?
आहे. वापरलेला, कोपऱ्याला दोरा गुंडाळलेला,
नव्याहून दोनशे शिलिंग जास्त.
देतात.
धंद्याची ही रीत मला कुणी शिकवली नव्हती.

आमच्याकडे ह्या फोनला म्हणतात मुलिका म्विझी,
चोरावर उजेड टाक.
गंमत अशी की तो चोरायला कुणी येत नाही.

काल रात्री वीज गेली.
माझा फोन गल्ल्यामागे कुठंतरी वाजत होता.
चाचपडलो: पक्कड, चिकटपट्टी, उधारीची वही,
मग तीळ.
पलीकडे अपोंडी, पाठीमागे वारा आणि इंजिन.
"ओमेना भरपूर. बादल्या आण."
एवढंच म्हणाली आणि ठेवला,
मिनिट पुरं व्हायच्या आत.
सरोवरावर कंदील लागले होते, मोजले नाहीत.
बादल्या शोधल्या,
एकीचा कान तुटलेला निघाला.