दीड इंच

सुनावणी अकराची, सुरू झाली सव्वा एकला.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, पंखा तेवढा फिरत होता.
नकाशा पसरला टेबलावर, गुंडाळून यायला लागला
तेव्हा दाबून धरला: पंचिंग मशीन, स्टॅपलर,
हेडाऊ वकिलांचा मोबाइल, चौथ्या कोपऱ्यावर
नंदनवारबाईंचा हात.

मी मागच्या बाकावर.
मौजा चिंचखेडी, खसरा ८३/२.
दोनाची शेपटी उगाच लांब ओढायची खोड
माझीच.

"साहेब, इथं मोकळी जागा लिहिली हाय.
सत्त्याऐंशी साली पैसे भरले ते हे पाहून.
आता सोसायटी तुकडे पाडून राहिली,
एक्केचाळीस अ, ब, क.
पोट्ट्यांनी खेळावं कुठं?"
"खेळते कोण तिथं? डुकरं," उके सेक्रेटरी म्हणाले.
सगळे हसले. बाईही हसल्या,
मग स्वतःवरच चिडल्या.

त्या जागेत चार झाडं मीच काढली होती,
गोल, आत फुली. जागेवर एकही नव्हतं.
नियमात दहा टक्के होते, म्हणून झाडं होती.

आणि नाला.
तो जायचा सव्वीस ते एकतीसच्या पोटातून.
तेव्हाच्या अध्यक्षांनी समोसे मागवले,
म्हणाले, जरासा सरकवता का भाऊ?
जरासा म्हणजे दीड इंच.
पाचशेच्या स्केलनं एकोणीस मीटर.
ट्रेसिंग ब्लेडनं खरवडलं, नखानं घासलं,
आणि नाला नेला चार झाडांमधून.
पाण्याला कुणी विचारलं नाही.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"इथून तर नाला जातो. मग प्लॉट कसे पडतील?"
हेडाऊ वकील पहिल्यांदाच गप्प.
बाईंचा चेहरा उजळला.

माझं खोटं, सदतीस वर्षांचं,
उठून उभं राहिलं होतं
पोरांच्या बाजूनं.

साहेबांनी लिहिलं:
प्रत्यक्ष जागेवर मोजणी करावी.

खाली सायकल स्टँडजवळ बाईंनी मला गाठलं.
"भाऊ, तुम्ही नकाशेवाले ना? जिंकलो नं आपण?"
त्यांचा प्लॉट अठ्ठावीस.
"मोजणीवाले आले की घरीच चहाला बोलावते.
फक्त स्वयंपाकघरात नेत नाही,
भिंतीले बारा महिने ओल.
तीनदा प्लंबर बदलला, काऊन येते कळतच नाही."

मी कुलूप काढत राहिलो सायकलचं.
निघालेलंच होतं ते.