बर्फ सुटण्याची तारीख

सकाळी चालते. दुपारी चालत नाही.
मंगळवारी दोनदा चालली, बुधवारी नुसती गुणगुणली,
गुरुवारी आतून टक् टक् असं दार वाजवलं
आणि कुणी उघडत नाही म्हणून गप्प बसली.

कायमची मेलेली वस्तू परवडते.
ही अधूनमधून बरी होते, हाच हिचा आजार.

वीस मेगाबाइटची हार्ड डिस्क, अमिगाच्या कुशीला जोडलेली,
राईच्या पावाएवढी जड.
तिच्यात आमच्या नदीच्या तारखा आहेत:
कोणत्या वर्षी, कितव्या मेला, किती वाजता
पुलाखालचा बर्फ फुटला नि चालू लागला.
गाव त्यावर पैजा लावायचं. शाळेतली जुनी वही
शाळेबरोबर जळाली, पण त्याआधीच्या हिवाळ्यात
मी ती सगळी टाइप केली होती,
कारण मी टेलिफोन एक्स्चेंजमधली, आणि इथे समज असा
की जिला रिले कळतात तिला सगळंच कळतं.

पहिला संशय वीजपुरवठ्यावर.
मल्टिमीटर लावला: बाराच्या जागी अकरा पॉइंट एक.
सापडला चोर!
पोट फुगलेले चार कॅपॅसिटर बदलले,
बाराचे झाले पुरते बारा.
ती दुपारी चालली नाही.

मग केबल. मग केबलचे दात, स्पिरिटने घासून.
मग सोल्डरचे टाके, भिंगाखाली एकेक,
दुसरीच्या शिवणीत खोट काढावी तसे.
शेजारचा तौनो म्हणाला, "हिल्क्का, फेकून दे ते."
दर वसंतात स्वतःच्या ट्रॅक्टरला तासभर शिव्या घालणाऱ्याने
हे म्हणू नये.

शेवटी वही केली. वेळ, चालली का, खोलीत किती अंश.
छत्तीस वर्षांच्या नोकरीत शिकले ते एवढंच:
बिघाडाला जाब विचारू नये,
त्याच्यावर पाळत ठेवावी.

अकराव्या दिवशी वहीच बोलली.
सकाळी टेबलामागचा स्टोव्ह पेटलेला असतो.
दुपारी मी विझू देते, लाकडं वाचवते.
आतलं वंगण म्हातारं झालंय, थिजल्या मधासारखं,
गारठ्यात तबकडीला सोडतच नाही.
मोटर ढकलते, ढकलते, हात टेकते.
बर्फात होडी रुतावी तशी
सगळ्या बर्फाच्या तारखा पोटात घेऊन बसलेली.

हसले. एकटीच, मोठ्याने.

शनिवारी तौनोने सौना तापवला.
बाहेरच्या खोलीत, कपडे टांगतो तिथे, बाकावर
डिस्क टॉवेलात गुंडाळून ठेवली दोन तास.
अमिगा स्टुलावर, टीव्ही सरपणाच्या ढिगावर,
वायर खिडकीतून घरापर्यंत.
मग तळहातावर घेऊन मनगटाला एक झटका,
गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवतात तसा,
आणि बटण.

कण्हली.
मग सूर चढत गेला, चढत गेला, आणि टिकला.
दिवा लुकलुकू लागला.
आतून तौनो वाफेसकट बाहेर, लालबुंद,
"कोण गातंय?"
दार लाव आधी, म्हटलं. कॉपी चाललीय.

सगळी वर्षं आली. सत्त्याहत्तर सोडून.
तेवढाच एक तुकडा वाचता येत नाही,
चौदा वेळा विचारून झालं.
तौनो म्हणतो, एकोणीस मे, सकाळी सात,
कारण तेव्हा पैज तो जिंकला होता.
दुकानातली लेम्पी म्हणते, एकवीस,
कारण तौनो आयुष्यात काही जिंकलेला नाही.
मी तिथे होते, पुलावर, लाल टोपी घालून;
टोपी आठवते, तारीख नाही.

रकाना मोकळा ठेवलाय.
उद्या दुपारीही स्टोव्ह पेटता ठेवीन.
पंधराव्या वेळी देईलही कदाचित.
हिचा काही भरवसा नाही.