मऊ काड्या

पाषाणला डिसेंबरात आमची लॅब अठरा अंशांवर येते.
हीटर फक्त ऑफिसात.
बरंच आहे ते; गारठ्यात माझ्या काड्या फुगतात.

काडी म्हणजे, केसाच्या जाडीत शेकडो मावतील अशी.
आत काचेचा कणा,
वर पाणी पिऊन सैल झालेली साय.
एक दुसरीवर आपटत नाही,
जरा दबते, जरा दाबते.

विरळ असताना कुणाचं तोंड कुठे, पत्ता नसतो.
दाट केल्या की एका रात्रीत
सगळ्या एकाच दिशेला.
हळू ढवळलं तर अडून बसतात,
जोर लावला की ओळी धरून वाट देतात.
तिसऱ्या प्रकरणात हे सगळं समीकरणांनी लिहिलंय.
सरांनी समासात लाल पेनाने विचारलंय: का?

शिकलगारचाचा आमचं काचकाम करतात.
एकतीस तारखेला निवृत्त.
खडकीहून सायकलने येतात, बर्नरपुढे बसतात,
आणि काच ओढतात, नजर हटली तर दिसायची नाही इतकी बारीक.
माझ्या सगळ्या केशनळ्या त्यांच्या हातच्या.

परवा नळ्या द्यायला आले.
"भरतेस काय यांच्यात? दाखव तरी एकदा."

दोन ध्रुवक, एक आडवा, एक उभा, मधे बाटली.
अंधारात रंग उमटले,
पेट्रोल पंपावरच्या डबक्यासारखे.
"सगळ्या एका अंगावर झोपल्यात, म्हणून हा उजेड," मी म्हटलं.

"मग त्यात काय?
माझ्या खणात नळ्या कशाही टाकल्या तर खण लागत नाही.
दोनदा हलवला की आपसूक ओळीत बसतात.
आणि ओळीत बसल्या की
हरेकीला सरकायला जागा होते."

मी पेन शोधू लागले.

तोवर त्यांनी बाटली उलटी केली.
आतलं जागचं हललं नाही, खरवसासारखं.
गंमत वाटून त्यांनी ती मुठीत धरली,
चाळीस वर्षं आगीशेजारी राहिलेल्या मुठीत.
साय बत्तीस अंशांवर पाणी सोडते, आक्रसते.
बघता बघता सगळं बुचाकडे ओघळलं.
ध्रुवकांमधे धरलं तर नुसता काळोख.

"बिघडवलं का गं मी?"

"नाही चाचा. काड्या तेवढ्याच आहेत.
प्रत्येकीने अंग चोरलं, एवढंच."

ते हसले नाहीत. बाटलीकडे बघत राहिले,
मग बर्नर चालू राहिलाय म्हणत गेले.

बाटली खिडकीत ठेवली, टेकडीच्या वाऱ्यावर.
रंग परतायला अर्धा तास लागला.
त्या अर्ध्या तासात समासातल्या प्रश्नाखाली
मी पेन्सिलीने लिहिलं: खण हलवून बघा.

संध्याकाळी गठ्ठा सोडला.
जुन्या पेपरात गुंडाळलेल्या,
मधे कापसाची घडी.
सांगितल्या होत्या चाळीस.
दोनदा मोजल्या. एकशे दहा.