सुभेदार

मंजिरी देवासहून परत आली
तेव्हा तिच्या हातात दोन पिशव्या होत्या.
एकीत साड्या, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेचं पुस्तक.
दुसरी हलत होती.

रामबागेतल्या आमच्या दीड खोलीत
तिनं ती अलगद आडवी केली.
बाहेर आला एक करडा ससा, कान फाटका,
इकडेतिकडे न बघता
सरळ माझ्या चपलेवर मुतला.

'ह्याचं नाव सुभेदार,' ती म्हणाली.
चार वर्षांच्या संसाराबद्दल
त्या रात्री ती तेवढंच बोलली.

मला ससा माहीत तो बालवाडीच्या भिंतीवरचा,
पांढरा रंग, गुलाबी रंग, गाजर.
आणि भाषेत तर त्याला आपण कधीचाच पळवलाय:
ससेहोलपट.
मागे हाकारे घालणारे कोण होते
ते शब्दातून गळून गेले,
धापा टाकणारा तेवढा उरला.

सुभेदारला हा शब्द कुणी सांगितलेला नव्हता.
गाजर तो हुंगून बाजूला सारायचा.
त्याला हवी कोथिंबीर,
भाजीवाल्यानं वर फुकट टाकलेली, देठांसकट.
रेडिओची वायर त्यानं दोनदा तोडली,
मीटर बघायला येणाऱ्या चौरसियाची पोटरी एकदा.
'भिया, ये खरगोश है के कुत्ता?'
पुढे तो जिन्यातूनच ओरडून युनिटं विचारायचा
आणि मी सांगेन ते लिहायचा.

पागनीसांचा बोका, पाच किलोंचा,
गॅलरीतून दुधावर आला.
सुभेदारनं मागचा पाय फरशीवर आपटला.
एकदाच.
वरच्या मजल्यावर कुणी वरवंटा पाडावा तसा आवाज.
पुढचं फार थोड्या वेळात झालं.
केस उडाले, ते बोक्याचे होते.
नंतर तो आमच्या गॅलरीखालून जायचा
तो भिंतीला अंग घासत,
कचेरीत उशिरा पोचलेल्या कारकुनासारखा.

नखं कापायला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.
डॉक्टर भटनागरांनी उलटं धरून पाहिलं.
'ये तो मादा है.'
मंजिरी क्षणभर थांबली.
'असू दे,' मला म्हणाली, 'हुद्दा तोच राहील.'
तेव्हापासून आमच्या घरात व्याकरण बिघडलं:
सुभेदार आली, सुभेदार रुसली,
सुभेदार चावली.

नळी कानाला लावायला दिली त्यांनी, गंमत म्हणून.
मंजिरीनं बराच वेळ ऐकलं. मग मी.
मोजता येईना.
रिकामं शिवणयंत्र कुणी भरधाव मारत असावं,
खाली कापड नाही, काही नाही.
'घाबरलीय का?'
'ये तो हरदम डरी रहती है, बहनजी,'
ते हात धूत म्हणाले, 'बनी ही ऐसी है.'

परत येताना टेम्पोत
मंजिरी खिडकीबाहेर बघत होती.
महू नाक्याला एकदम म्हणाली,
'म्हणजे बोका आला तेव्हाही.'
मी म्हटलं, काय?
ती काही बोलली नाही.

दिवाळीनंतर तिचे थोरले दीर आले,
गजाननराव, सफारीत,
टाइप केलेला कागद घेऊन.
कुठे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या होत्या.
झालं गेलं, म्हणाले. समाज, म्हणाले.
बाईच्या जातीनं, म्हणाले

आणि पलंगाखालून तो आवाज आला.

गजाननरावांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले.
कागद घसरला.
सुभेदारनं तो दातांत धरला, एका कोपऱ्यापासून,
शांतपणे, जशी कोथिंबीर,
पहिली फुली, दुसरी फुली.

मंजिरी खाली बसली.
कागद सोडवला नाही.
एक हात तिच्या पाठीवर ठेवला.
मी समोर होते, मला दिसत होतं,
हात थरथरत होता की पाठ,
ते मात्र सांगता येत नव्हतं.

'चहा टाकते,' ती म्हणाली, आवाज अगदी बारीक.
'तो घ्या.
आणि मग निघा.'